विमानातला ‘न’

आमच्या घरावरून दिवसाला अडुसष्ट विमानं जातात आणि त्यांतल्या एकातही मी कधी बसलेली नाही. तरीसुद्धा विमानविषयक मासिकांत लेख लिहून मानधन मिळवायचं, असं मी एका मंगळवारी कपडे पिळता पिळता ठरवलं आणि त्याच संध्याकाळी घरात जाहीर केलं. ठरवण्यात माझी काही चूक नव्हती. जाहीर करण्यात होती.

आमच्या वाचनालयात ‘विमानदर्शन’ नावाचं मासिक येतं. ते कुणीच घरी नेत नाही, त्यामुळे ते नेहमी कोरं करकरीत असतं, आणि मला दुसऱ्याच्या चहाचे डाग नसलेली मासिकं आवडतात. त्याच्या शेवटच्या पानावर एक चौकट होती: ‘लेखकांना निमंत्रण. प्रसिद्ध झालेल्या लेखास मानधन दिले जाईल.’ त्यातल्या ‘दिले जाईल’खाली पेन्सिलीची रेघ होती. ती मीच मारली असावी.

मानधनाचं एवढं काय, असं कुणी विचारील. तर सांगते. आमच्या इमारतीतली प्रत्येक नोटीस मी लिहिते. ‘टाकी धुण्यानिमित्त पाणी बंद’ ही माझी नोटीस लोक जिन्यात उभं राहून दोनदा वाचतात. मी निरोपाची भाषणं लिहिली, श्रद्धांजल्या लिहिल्या, मुलामुलींची स्थळांसाठीची माहिती लिहिली. त्यातली दोन लग्नं तर निव्वळ माझ्या विशेषणांवर जमली. एकदा वरच्या मजल्याची गळती खालच्या मजल्यावर झाली, तेव्हा खालच्यांचं कडक पत्र मी लिहिलं आणि वरच्यांचं सणसणीत उत्तरही मीच लिहिलं. दोन्ही बाजूंनी मी एकटीच भांडत होते. आणि या सगळ्याचा मोबदला म्हणून मला काय ऐकायला मिळतं? “तुमचं काय हो, दोन मिनिटांचं काम!” दोन मिनिटांचं काम करणाऱ्या बाईला कुणी लेखिका म्हणत नाही. पैसे देऊन कुणीतरी एकदा म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती.

तर संध्याकाळी मी जाहीर केलं. घरात आम्ही तिघं, म्हणजे सासूबाई, हे आणि मी. शिवाय धाकटे दीर आले होते. ते खालच्याच मजल्यावर राहतात आणि शोभेचे मासे पाळतात. पूर्वी एक टाकी होती. मग मासे वाढले, आणि भाऊजींची नजर आमच्या बंद गॅलरीवर गेली. चार फूट रुंद, सात फूट लांब, भरपूर उजेड. तिथे माझं टेबल आहे. तीन टाक्या आरामात मावतील असं त्यांचं म्हणणं होतं. टेबलाचं काय, ते कुठेही मावेल असंही होतं.

“विमानांवर लेख?” भाऊजी म्हणाले. “वहिनी, तुमचा आणि विमानांचा—”

तेवढ्यात विमान आलं. आमच्या गल्लीत विमान आलं की बोलणारा माणूस असेल तिथे थांबतो. हात वर असेल तर वर, कप ओठाशी असेल तर ओठाशी. ते गेलं की नेमका पुढच्या शब्दापासून सुरू करतो. पाहुण्यांना वाटतं, सगळे एकदम रुसले.

“—संबंध काय?” भाऊजींनी वाक्य पुरं केलं.

“आत्ता गेला तो,” मी म्हणाले.

“पण पैसे कोण देणार?” हे म्हणाले. हे पाण्याच्या मीटरच्या खात्यात आहेत. कुठलीही गोष्ट सांगितली की आधी गळती कुठे आहे ते बघतात.

“मासिक देणार.”

“दिले तर टेबल गॅलरीत राहील,” भाऊजी म्हणाले. “नाही दिले तर टाक्या. आहे कबूल?”

मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी निकाल देऊन टाकला. “तीन महिने,” त्या म्हणाल्या. “विमानाच्या मासिकात, पैसे घेऊन, एक तरी लेख. नाहीतर मासे. आणि मध्ये कुणी कुणाला टोमणे मारायचे नाहीत.” शेवटची अट भाऊजींनी दहा मिनिटं पाळली.

पहिला लेख मी सल्लामसलतीने लिहिला आणि तिथेच फसले. आमच्या वर कॅप्टन राहतात. त्यांनी एकतीस वर्षं विमानतळावर काढली, म्हणून सगळी गल्ली त्यांना कॅप्टन म्हणते. नोकरी सामानाच्या पट्ट्यावर होती. पण पट्ट्यावरच्या माणसाला हाक मारायला सुटसुटीत शब्द नाही, तेव्हा कॅप्टन.

“वहिनी, मासिक तांत्रिक आहे,” ते म्हणाले. “इंजिनावर लिहा. दाब, तापमान, असं काहीतरी. घरगुती काही नको. घरगुती म्हटलं की संपादक पानच उलटत नाही.”

“पण इंजिनातलं मला काय कळतंय?”

“मला तरी काय कळतं? पण वजनदार लिहायचं. मी एकतीस वर्षं फक्त वजनच बघितलं.”

मग मी वाचनालयातली तीन पुस्तकं आणली, दोन समजली नाहीत, तिसरं मुळात ट्रॅक्टरवर निघालं, आणि अखेर ‘विमानाच्या इंजिनातील दाबाचे महत्त्व’ हा लेख सिद्ध झाला. दाबाची कल्पना वाचकाला यावी म्हणून मी प्रेशर कुकरची उपमा दिली होती. उपमा जराशी लांबली. सोळा दिवसांनी संपादकांचं उत्तर आलं: ‘लेख साभार परत. इंजिन व कुकर यांतील साम्य रोचक आहे. मात्र तिसरी शिट्टी झाल्यावर वैमानिकाने नेमके काय करावे, हे स्पष्ट होत नाही.’

हे पत्र आधी भाऊजींच्या हाती लागलं. पुढचा आठवडाभर ते मला जिन्यात दिसले की तोंडाने शिट्टी वाजवत. टोमणा नव्हता, त्यामुळे तक्रारही करता येईना.

मी ठरवलं, पुरे झाली पुस्तकं. प्रत्यक्ष जाऊन बघायचं. कापडी पिशवीत वही, दोन पेनं आणि पाण्याची बाटली घेऊन मी विमानतळाच्या कचेरीत गेले. चौकशीच्या खिडकीत एक गृहस्थ होते. त्यांनी मान वर न करता एक फॉर्म सरकवला. त्यात ‘उड्डाण क्रमांक’ असा रकाना होता. मी घराचा नंबर लिहिला.

“कुठे जायचंय?” त्यांनी विचारलं.

“कुठेच नाही.”

आता त्यांनी मान वर केली. “मग कुणाला आणायला आलात?”

“कुणालाच नाही. मला फक्त बघायचंय. मी लेखिका आहे.”

आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले आणि ते नेमकं काचेतल्या भोकातून बोलावं लागलं, त्यामुळे दुसऱ्यांदा मोठ्याने बोलावं लागलं. रांगेतले सगळे बघू लागले. विमानतळावर कुठेही न जाणारा माणूस हा सगळ्यात संशयास्पद माणूस असतो, हे मला तेव्हा कळलं.

“लेखकांना पास लागतो,” ते म्हणाले. “पासाला मासिकाचं पत्र.”

“मासिक पत्र देईल कधी? माझा लेख छापल्यावर.”

“मग छापून आणा.”

“तो लिहायला तर आत जायचंय!”

“बाई, तुमचा विमानाशी काही थेट संबंध?”

“ती आमच्या घरावरून जातात.”

त्यांचा चेहरा एकदम उजळला. अडलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या खिडकीत ढकलता आलं की होतो, तसा. “मग आधीच सांगायचं! आवाजाची तक्रार. खिडकी नऊ.”

खिडकी नऊला एक बाई होत्या. त्यांनी मला फॉर्म दिला, बाकावर बसायला सांगितलं. फॉर्मात ‘तपशील’ या शब्दापुढे तीन ओळी मोकळ्या होत्या. मी लिहायला लागले. तीन ओळी संपल्या, मागची बाजू संपली. मी वहीची पानं फाडली. विमान आलं की शेल्फावरच्या बरण्या कशा केसभर पुढे सरकतात आणि मी रोज सकाळी त्यांना मागे ढकलते. आम्ही वाक्याच्या मधोमध कसे थांबतो. सासूबाई घड्याळ वापरत नाहीत, सव्वाचारचं विमान गेलं की चहा मागतात. विमान इतकं खाली येतं की पोटावरची अक्षरं दिसतात पण वाचून होत नाहीत. एकदा ढगांमुळे दिवसभर एकही विमान आलं नाही तेव्हा आम्हाला एकमेकांशी सलग बोलावं लागलं आणि संध्याकाळपर्यंत कसं भांडण झालं. सात पानं झाली. खिडकी बंद व्हायची वेळ आली तेव्हा मी ती नेऊन दिली.

बाईंनी उभ्याने वाचायला सुरुवात केली आणि मग बसल्या. एकदा हसल्या. मग सातही पानं नीट जुळवून त्यांनी मला परत केली.

“हे नाही घेता येणार हो.”

“का?”

“यात तक्रारच नाहीये. शेवटी मागणी लिहावी लागते. तुमची मागणी काय?”

मी विचार केला. “मागणी अशी काही नाही.”

“मग ही तक्रार नाही,” त्या म्हणाल्या आणि खिडकी ओढता ओढता पुढे म्हणाल्या, “काय आहे ते मला सांगता येत नाही, पण फाडू नका.”

मी फाडलं नाही. परतीच्या बसमध्ये मला कळलं की तो लेख आहे.

लेख टाइप करून पाठवायचा होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नुकत्याच एका टायपिंगवाल्या बाईंनी दुकान थाटलं होतं. बोटं विजेसारखी. त्यांनी सात पानं एका बैठकीत उतरवली, एकही चूक नाही. मी दोनदा तपासली. मग लिफाफ्यावरचा पत्ता राहिला.

“मासिकाचं नाव सांगा ताई, पत्ता मी कॉम्प्युटरवर शोधते.”

“विमान—”

विमान आलं. मी थांबले. पण त्या बाई गल्लीत नव्या होत्या; त्यांना थांबायची सवय नव्हती. ओठ बघून त्या टाइप करत राहिल्या. विमानाने माझा अर्धा शब्द खाल्ला होता.

“—दर्शन,” ते गेल्यावर मी म्हणाले.

“सापडलं!” त्या म्हणाल्या. लिफाफा छापला, चिकटवला, आणि वाटेत टपाल कचेरी लागते म्हणून स्वतःच टाकून आल्या. इतक्या चांगल्या बाई मी पाहिलेल्या नाहीत.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. ‘आपला लेख अतिशय आवडला. चालू अंकात घेत आहोत. सोबत मानधनाचा धनादेश.’ खाली सही, वर ठसठशीत छापलेलं मासिकाचं नाव. ते नाव घरातल्या तिघांनी वाचलं, कॅप्टननी वाचलं, समोरच्या शिवणक्लासवाल्या बाईंनी चष्मा लावून वाचलं, आणि कुणालाही त्यात काही कमी दिसलं नाही. माणूस अक्षरं वाचत नाही, आशा वाचतो.

यांनी धनादेश उजेडात धरून बघितला. “गळती नाही,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी बावीस वर्षांत ऐकलेलं नाही. भाऊजींनी गॅलरीच्या मापांचा कागद खिशातून काढला आणि माझ्यासमोर चार तुकडे केले. मी दोन दिवस जरा जास्तच ताठ चालत होते.

तिसऱ्या दिवशी अंक आला. मुखपृष्ठावर एक हसरं कुटुंब आणि त्यांच्या डोक्यावर भली मोठी छत्री. मला वाटलं, पॅराशूट. मी आत माझं पान शोधलं. ‘आमच्या डोक्यावरून’, शीर्षक माझंच होतं. नाव माझंच होतं. मग पहिलं वाक्य वाचलं.

‘आमच्या घरावरून दिवसाला अडुसष्ट विमे जातात.’

मी पान उलटं करून, सुलटं करून पाहिलं. पुढे वाचलं.

‘विमा डोक्यावरून जाऊ लागला की आमच्या घरातली माणसं बोलायची थांबतात. तो पूर्ण गेला की एकमेकांकडे बघतात आणि पुन्हा आपापल्या विषयावर येतात.’

‘विमा अगदी जवळ आला की त्यावरची बारीक अक्षरंसुद्धा दिसतात; पण वाचेवाचेपर्यंत तो निघून गेलेला असतो.’

‘विमा वेळेवर आला, असं गेल्या वीस वर्षांत क्वचितच झालं.’

‘काही विमे नुसत्याच घिरट्या घालतात. उतरत नाहीत.’

मासिकाचं नाव ‘विमादर्शन’ होतं. विमा कंपन्या, विम्याचे एजंट, विम्याचे हप्ते. माझा अख्खा लेख विम्यावर होता, आणि भयंकर गोष्ट अशी की तो वाईट नव्हता.

“काय झालं?” यांनी विचारलं.

“न गेला,” मी म्हणाले.

“कोण न गेला?”

“न! विमानातला न!”

सासूबाई हसायला लागल्या. त्या इतक्या हसल्या की त्यांना पाठीवर थोपटावं लागलं. त्या आवाजाने भाऊजी वर आले, त्यांनी अंक हातात घेतला आणि उभ्या उभ्या मोठ्याने वाचला. “सव्वाचारचा विमा गेला की सासूबाई चहा मागतात!” मग त्यांनी अंक मिटला. “वहिनी, यात विमान हा शब्दच नाहीये.”

“मी अडतीस वेळा लिहिला होता.”

“असेल. पण छापलाय विमा. मासिक विम्याचं. करार विमानाचा होता.”

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या डोळे पुसत होत्या. “खरं आहे ते,” त्या म्हणाल्या. “करार विमानाचा होता. पण तीन महिने संपायला अजून बारा दिवस आहेत. तोवर गॅलरीला हात लावायचा नाही.”

भाऊजींनी मापांचा कागद फाडला होता, म्हणून त्यांनी परत मापं घेतली.

दुसऱ्या दिवशी मी तो धनादेश पर्समध्ये घालून ‘विमादर्शन’च्या कचेरीत गेले. परत करायचाच, असं ठरवून गेले होते. विम्यातलं ओ की ठो कळत नसताना विम्यावर मानधन घेणं मला पटेना. कचेरी दोन खोल्यांची होती. संपादक गोल चेहऱ्याचे, उत्साही. माझं नाव ऐकताच उभे राहिले.

“या, या! अहो, काय लिहिलंय तुम्ही! कालपासून एजंट लोकांचे अकरा फोन आले. एक म्हणतो, आमच्या धंद्यावर इतकं खरं कुणी लिहिलं नव्हतं. ‘लोकांच्या डोक्यावरून जातो’, वा! दर महिन्याला लिहाल का?”

“ते विम्यावर नाहीये,” मी म्हणाले.

“तेच तर! वरवर पाहता नाहीच.”

“आतून पाहतासुद्धा नाही. ते विमानांवर आहे.”

आतल्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दारात एक वृद्ध गृहस्थ उभे राहिले, कानावर लाल पेन. ते तिथले मुद्रितशोधक होते, म्हणजे छापण्याआधी चुका दुरुस्त करणारे. संपादक त्यांना अण्णा म्हणत होते.

“बाई,” अण्णा म्हणाले, “तुम्ही अडतीस ठिकाणी विमान लिहिलं होतं. विम्याच्या मासिकात! मी म्हटलं, बाई लिहितात छान, पण शब्द चुकतोय. सगळे न काढले. लिंगसुद्धा बदलून घेतलं.”

“पण धावपट्टी? त्यात धावपट्टी आहे की हो!”

“रूपक वाटलं.”

“पंख?”

“तेही.” त्यांचा आवाज खाली गेला. “पण तुम्हीच लिहिलंय, ‘संध्याकाळी दर चार मिनिटांनी एक उतरवतात.’ बाई, आमच्याकडे विमाच उतरवतात!”

चूक माणसाची नव्हती, भाषेचीच होती.

“शुद्धिपत्र छापूया का?” मी विचारलं. “जिथे विमा आहे तिथे विमान वाचावे, असं?”

संपादक दचकले. “नको! लोक अख्ख्या अंकात न लावून वाचतील. मागच्या पानावर जाहिरात आहे, ‘आपल्या मुलाचा विमा आजच उतरवा’. त्याचं काय होईल?”

धनादेश त्यांनी घेतला नाही. लेख छापला, लोकांनी वाचला, पैसे लेखकाचे, असं ते म्हणाले. मग मी त्यांना गॅलरीचं, माशांचं आणि अकरा दिवसांचं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण त्यांनी पाणी दिलं आणि मी बोलत गेले. ते ऐकून संपादकांनी कपाटाकडे बोट दाखवलं. आत एक गठ्ठा होता.

“हे सगळं ‘विमानदर्शन’चं टपाल. एका अक्षराने आमच्याकडे येतं. आमचं त्यांच्याकडे जातं. दर शनिवारी आम्ही अदलाबदल करतो. तुमचं मूळ बाड त्यात टाकू?”

“असं नाही टाकायचं,” अण्णा म्हणाले. त्यांनी माझी टाइप केलेली पानं काढली. प्रत्येक ‘न’वर लाल फुली होती. त्यांनी खणातून हिरवं पेन काढलं, चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून एकेक ‘न’ परत लिहायला घेतला. लिंगही परत नपुंसक केलं. मी समोरच्या स्टुलावर बसून होते. अडतिसावा न लिहून झाल्यावर त्यांनी समासात लहान अक्षरांत लिहिलं: ‘लेखिकेचे बरोबर होते.’

ते वाक्य वाचताना मला नाक पुसावं लागलं. धूळ फार होती तिथे.

शनिवार गेला. त्यानंतरचा आठवडा मी घरात कुणाच्याही नजरेला नजर न देता काढला. पत्र आलं नाही. बारावा दिवस उजाडला, आणि दुपारी जिन्यात धपधप आवाज आला. भाऊजी आणि कॅप्टन काचेची रिकामी टाकी घेऊन वर येत होते. सामान उचलायचं म्हटल्यावर कॅप्टनना राहवलं नसणार.

“संध्याकाळपर्यंत मुदत आहे,” मी दारात उभी राहून म्हणाले.

“आहे की,” भाऊजी म्हणाले. “नुसती ठेवून बघतो. बसते का ते.”

“बायको आधी, टाकी नंतर,” हे मागून म्हणाले आणि दारात माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. दार दोनच फुटांचं, त्यामुळे टाकी आपोआप अडली. मग हे मला हळूच म्हणाले, “अगं, तू सगळ्यांना पत्रंच लिहितेस. एकदा फोन का नाही करत?”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लिहिणाऱ्या माणसाला वाटतं, जग टपालानेच चालतं. मी वाचनालयाच्या अंकातून उतरवून घेतलेला नंबर फिरवला. टाकी दोघांनी तशीच जिन्यात धरून ठेवली होती, कारण ऐकायचं सगळ्यांनाच होतं. सासूबाई पलंगावरून उठून बसल्या.

“विमानदर्शन,” पलीकडून जाडसर आवाज आला. मी नाव सांगितलं.

“हां हां! कुकरवाल्या बाई आपणच ना?”

“हो,” मी म्हणाले. प्रतिष्ठा काय राहायची ती राहिली.

“तुमचं बाड आलंय. लाल शाई, वर हिरवी शाई. मला वाटलं, कुणी पोलिसांनी तपासून पाठवलंय. वाचलं मी. दोनदा वाचलं. तर त्याचं आम्ही असं ठरवलंय की—”

विमान आलं.

आम्ही थांबलो. मी फोन कानाशी दाबून, हे माझ्या खांद्यावर हात ठेवून, सासूबाई पदर तोंडाशी नेऊन, आणि जिन्यात दोन माणसं काचेची टाकी हवेत धरून. ते विमान तरी किती लांबावं! मला वाटलं, पलीकडे ते बोलून मोकळे झाले असणार. हो म्हणाले असतील किंवा नाही म्हणाले असतील, आणि मला पुन्हा विचारावं लागेल, आणि दुसऱ्यांदा विचारलेल्या गोष्टीला माणूस सहसा नाहीच म्हणतो. आवाज गेला. फोनमध्ये काहीही ऐकू येईना. कटला, मी मनात म्हटलं.

“गेलं का?” पलीकडून हळूच प्रश्न आला.

“अं? हो. गेलं.”

“तुम्ही लिहिलंय ना, की तुमच्याकडे थांबतात. म्हणून थांबलो होतो,” संपादक म्हणाले. “—पुढच्या अंकात घ्यायचं. मानधनासह. अहो, बावीस वर्षं आम्ही वैमानिकांचं ऐकतोय, इंजिनिअरांचं ऐकतोय. खाली कुणी राहतं, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणखी काय आहे तुमच्याकडे?”

“आणखी साठ-सत्तर तरी रोज जातात,” मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी सगळं एका दमात सांगितलं, संपादक विमान जाईपर्यंत थांबले होते तेसुद्धा. सासूबाई म्हणाल्या, “टाकी खाली न्या रे. हळू न्या, काच आहे.”

“पण आई, अंक छापून यायचाय अजून,” भाऊजी म्हणाले.

“माणसाने शब्द दिलाय,” सासूबाई म्हणाल्या. “तोसुद्धा विमान जाईपर्यंत हातात धरून ठेवून. असा शब्द मोजायचा नाही तर कुठला मोजायचा?”

भाऊजी वाईट माणूस नाहीत. ते टाकी ठेवून पाच मिनिटांनी पुन्हा वर आले, माझ्या टेबलापाशी.

“वहिनी, जागा नाही म्हटल्यावर आता काही मासे विकावेच लागतील. दुकानात लावायला एक छोटीशी पाटी हवी होती. लोक थांबून वाचतील अशी. तुम्हाला काय हो, दोन मिनिटांचं—”

यावेळी विमान आलं नव्हतं. ते आपणहून थांबले.

“मानधन?” मी विचारलं.

“घरच्या माणसाकडूनसुद्धा?”

मी काही बोलायच्या आत आतून सासूबाईंचा आवाज आला.

“घरच्याकडून आगाऊ!”